तीन डोस पूर्ण झाले होते, मग पार्वो झालाच कसा?

चिकूचं, आमच्या कुत्र्याच्या पिल्लाचं, लसीचं कार्ड अजून माझ्या कपाटात आहे. निळं, मधोमध दुमडलेलं, आत तीन स्टिकर, प्रत्येकाशेजारी शिक्का आणि सही, सगळं जागच्या जागी. पहिला डोस ४५व्या दिवशी, दुसरा ६६व्या, तिसरा ८७व्या, आणि तिसऱ्या स्टिकरखाली पेनाने लिहिलंय "आता पुढच्या वर्षी". १०८व्या दिवशी चिकूने सकाळचा भात हुंगला आणि तोंड फिरवलं, संध्याकाळी पिवळ्या फेसाची उलटी केली आणि दुसऱ्या दिवशी पहाटे घरात तो वास आला, जो एकदा नाकात बसला की परत कधी चुकत नाही, रक्ताचा आणि सडक्या मांसाचा मिळून असतो तसा. पार्वो, म्हणजे कुत्र्यांच्या पिल्लांना होणारा जीवघेणा विषाणूचा आजार. पाचव्या दिवशी तो गेला.

वाढदिवस मला पक्का माहीत होता कारण त्याची आई राणी आमच्या सोसायटीच्या जनरेटर रूमच्या मागे व्यालेली आणि वॉचमन काकांनी त्याच रात्री फोन केलेला. म्हणून तर हे दिवस मोजता येतात. आणि त्या दिवसांतच सगळं उत्तर आहे, हे मला फार उशिरा कळलं.

तेव्हा ज्याला त्याला मी हेच विचारत होते की लस दिलेली असताना झालाच कसा. उत्तरं दोनच यायची. एक म्हणजे "नवीन स्ट्रेन आलाय, लस चालत नाही त्याच्यावर" (स्ट्रेन म्हणजे विषाणूचा बदललेला प्रकार) आणि दुसरं म्हणजे "तुम्ही साधी लस दिली असेल, इम्पोर्टेड द्यायला हवी होती". ही दोन्ही उत्तरं आजही प्रत्येक फॉस्टरच्या (पिल्लं तात्पुरती घरी सांभाळणाऱ्याच्या), प्रत्येक नवीन पपीवाल्याच्या तोंडी असतात. दोन्हींत थोडं थोडं तथ्य आहे पण लस दिलेल्या लहान पिल्लाला पार्वो होण्याचं सगळ्यात मोठं कारण या दोन्हींत नाही, ते आईच्या दुधात आहे. ऐकायला विचित्र वाटतं पण तसंच आहे.

आधी चीक समजून घेऊ. गाय किंवा म्हैस व्याल्यावरचं पहिलं घट्ट दूध, ज्याचा आपण खरवस करतो, तो चीक. कुत्रीलाही तसाच चीक येतो आणि त्यात तिच्या रक्तातल्या अँटीबॉडीज खचाखच भरलेल्या असतात. अँटीबॉडी म्हणजे विषाणूला पकडून निकामी करणारी प्रथिनं, जी तिच्या शरीराने आजारातून उठून किंवा लस घेऊन तयार केलेली असतात. पिल्लू जन्मल्यावर पहिला एखादा दिवसच त्याचं आतडं इतकं मोकळं असतं की या अँटीबॉडीज जशाच्या तशा त्याच्या रक्तात शिरतात, नंतर ते दार बंद होतं. पोटात असताना आईकडून मिळतात त्या फार थोड्या, बाकी जवळजवळ सगळा हिस्सा चिकाचा. म्हणजे पहिल्या दिवशी पिल्लू जेवढं चोखेल तेवढी त्याची शिदोरी.

ही शिदोरी स्वतःहून वाढत नाही, फक्त संपत जाते. पार्वोच्या बाबतीत साधारण दर नऊ-दहा दिवसांनी निम्मी होते. आता लस काय करते ते बघा. पार्वोची चांगली लस ही जिवंत विषाणूची असते, अशक्त करून ठेवलेल्या. तो विषाणू पिल्लाच्या अंगात शिरून थोडा वाढला पाहिजे, तेव्हा कुठे पिल्लाचं शरीर जागं होतं आणि स्वतःच्या अँटीबॉडीज बनवायला लागतं. पण आईची शिदोरी शिल्लक असेल तर ती खऱ्या विषाणूला पकडते तशीच लसीतल्या विषाणूलाही पकडते, तिला दोघांतला फरक कळत नाही. लस टोचली गेली, कार्डावर स्टिकर लागला, पण आत काहीच झालं नाही.

आणि सगळ्यात घातक गोष्ट पुढे आहे. खऱ्या विषाणूपासून वाचायला भरपूर अँटीबॉडीज लागतात, पण लसीतल्या अशक्त विषाणूला अडवायला थोड्याही पुरतात. प्रयोगशाळेत जे टायटर, म्हणजे रक्तातलं अँटीबॉडीजचं प्रमाण, मोजतात त्याच्या भाषेत साधारण ८० च्या वर असेल तर पिल्लू सुरक्षित धरतात, आणि २० च्या खाली गेलं की लस नीट लागू होते. मग ८० आणि २० च्या मधे काय? मधे खड्डा. आईची शिदोरी वाचवायला अपुरी आणि लस लागू न द्यायला पुरेशी. या खड्ड्यात पिल्लू दोन-तीन आठवडे असतं आणि त्याला लस टोचा नाहीतर टोचू नका, बाहेरचा पार्वो भेटला तर ते आजारी पडणार.

आता आकडे टाकून बघा, वही-पेन घेऊनच बसा. समजा पिल्लाला चिकातून २५६० मिळालं. दहाव्या दिवशी १२८०, विसाव्या ६४०, तिसाव्या ३२०, चाळिसाव्या १६०, पन्नासाव्या ८०, साठाव्या ४०, सत्तराव्या २०, ऐंशीव्या १०. म्हणजे पन्नासाव्या दिवसापर्यंत आईची ढाल चालली, ५० ते ७० खड्डा, आणि सत्तरच्या पुढे लस चालणार. चिकूच्याच तारखा लावल्या तर ४५व्या दिवसाचा डोस वाया, ६६व्या दिवसाचाही बहुतेक वाया, पण ८७व्या दिवसाचा लागणार आणि पिल्लू वाचणार.

आता दुसरं पिल्लू घ्या ज्याची आई स्वतः पार्वोतून वाचलेली आहे. खऱ्या आजारातून उठलेल्या कुत्रीचं टायटर खूप वर असू शकतं. या पिल्लाला चौपट मिळालं म्हणू, १०२४०. चौपट म्हणजे दोनदा निम्मं होणं, म्हणजे सगळा हिशोब फक्त २० दिवस पुढे सरकतो. ढाल सत्तराव्या दिवसापर्यंत, खड्डा ७० ते ९०, आणि लस नीट लागायला नव्वदच्या पुढचा दिवस. ८७व्या दिवशीचा डोस पुन्हा वाया! आणि पुढचा डोस? पुढच्या वर्षी.

राणी लहानपणी पार्वोतून वाचलेली होती, आम्हीच तिला सलाईन लावलेलं. चिकू तिच्या पाच पिल्लांतला सगळ्यात गुटगुटीत, बाकीच्यांना ढकलून पुढच्या सडाला जाऊन बसणारा. त्याचं टायटर कुणी मोजलं नव्हतं, पण त्याच्या तारखा या खड्ड्यात अगदी बरोब्बर बसतात.

याचा उलटा परिणाम पण लक्षात घ्या. जे पिल्लू मरतुकडं, मागे राहिलेलं, ज्याला चीक नीट मिळालाच नाही, त्याची शिदोरी महिन्याभरातच संपते. त्याला पाच-सहा आठवड्यांचं असतानाच पार्वो होऊ शकतो, पण लस मात्र पहिल्याच डोसला लागू होते. एकाच आईच्या एकाच बाळंतपणातल्या पाच पिल्लांच्या खड्ड्याच्या तारखा वेगवेगळ्या. बाहेरून बघून कुणाची कुठली तारीख हे सांगता येत नाही, डॉक्टरांनाही नाही.

म्हणून डोस पुन्हापुन्हा देतात. हे वाक्य मी जाड अक्षरात लिहिलंय असं समजून वाचा कारण इथेच सगळ्यांचा गोंधळ होतो, माझा तर किती वर्षं होता. आपल्याला वाटतं पहिला डोस म्हणजे पाया, दुसरा म्हणजे भिंत, तिसरा म्हणजे स्लॅब, तीन झाले की घर पूर्ण. पार्वोच्या जिवंत लसीचं तसं नाहीये. प्रत्येक डोस म्हणजे त्याच बंद दारावर नव्याने एक टकटक, की आता आईच्या अँटीबॉडीज उतरल्या का, आता उतरल्या का. दार उघडं असताना पडलेली एकच टकटक पुरते, बाकीच्या त्या वेळ माहीत नसल्यामुळे मारायच्या. त्यामुळे किती डोस झाले हा प्रश्नच बरोबर नाही. शेवटचा डोस कितव्या दिवशी झाला हा प्रश्न विचारायचा. (सेव्हन इन वन किंवा नाईन इन वन अशा एकत्र लसींमधला लेप्टोचा, म्हणजे लेप्टोस्पायरोसिसचा भाग मृत जिवाणूंचा असतो, त्याला मात्र खरोखर दोन डोस लागतातच, तिथे पाया-भिंत चालतं, पण ते वेगळं प्रकरण आहे.)

जगभरच्या लहान प्राण्यांच्या डॉक्टरांची जी संघटना आहे, डब्ल्यूएसएव्हीए, तिच्या लसीकरणाच्या सूचना याच हिशोबावर उभ्या आहेत. सहा ते आठ आठवड्यांपासून सुरू करा, दर दोन ते चार आठवड्यांनी द्या आणि शेवटचा डोस १६ आठवड्यांचं झाल्यावर किंवा त्यानंतर द्या. १६ आठवडे म्हणजे ११२ दिवस. २०२४ च्या सूचनांमध्ये अजून एक गोष्ट ठळक केलीये, की पुढचा डोस वर्षाचं होईपर्यंत थांबवू नका, २६ आठवड्यांच्या सुमाराला म्हणजे सहा महिन्यांचं झालं की द्या. कारण एखाद्या पिल्लाच्या आईच्या अँटीबॉडीज १६ आठवड्यांनंतरही रेंगाळतात आणि तसं पिल्लू वर्षभर उघडं राहायला नको. त्यानंतर पार्वोच्या जिवंत लसीचा परिणाम तीन वर्षं किंवा जास्त टिकतो.

आपल्याकडे मी बघितलेल्या कार्डांवर तीन स्टिकर ८० ते ९० दिवसांत संपलेले असतात, त्यातल्या शेवटच्याच्या आसपास रेबीजचं इंजेक्शन होतं आणि मालकाला सांगितलं जातं "झालं, आता फिरवा बिनधास्त". डॉक्टर मुद्दाम करतात असं मला अजिबात म्हणायचं नाही. पिल्लाला चौथ्यांदा कुणी आणत नाही, पैसे वाचवायचे असतात, आणि बऱ्याच पिल्लांना तीनमध्ये लागूनही जातं त्यामुळे ती पद्धत चालून गेलीये. पण जे पिल्लू राहून जातं ते कुणाचं तरी चिकू असतं हो.

आता स्ट्रेनकडे येऊ, कारण लोकांना भीती त्याचीच जास्त वाटते.

पार्वो हा कुत्र्यांचा जुना आजार नाही, माझ्या आईच्या लहानपणी तो नव्हताच. १९७८ मध्ये तो अमेरिका, युरोप, ऑस्ट्रेलियात जवळपास एकदमच दिसला आणि दोनेक वर्षांत जगभर पसरला, कुठल्याच कुत्र्याच्या अंगात त्याच्याविरुद्ध काही नव्हतं त्यामुळे लहानमोठी कितीतरी कुत्री पटापट मेली. मांजरांमध्ये पॅनल्यूकोपेनिया नावाचा आजार करणारा एक विषाणू आधीपासून होता, त्याच्याच अगदी जवळचा हा नातेवाईक, इतका जवळचा की कुत्र्यांची लस तयार होईपर्यंत मांजरांची लस कुत्र्यांना टोचून वेळ मारून नेलेली. त्याच्या सीपीव्ही-२ (कॅनाइन पार्वोव्हायरस, म्हणजे कुत्र्यांचा पार्वोविषाणू) या नावात २ आहे कारण कुत्र्यांचा एक वेगळा, फारसा त्रास न देणारा पार्वोविषाणू १९६७ मध्येच सापडला होता, तो १. भारतात १९८० च्या दशकाच्या सुरुवातीलाच याच्या नोंदी आहेत. अमेरिकेत लेक सुपिरियरमध्ये आइल रॉयल नावाचं बेट आहे, तिथे १९८० मध्ये ५० लांडगे होते, कुणीतरी नियम मोडून सोबत कुत्रा नेला, पार्वो पोचला आणि १९८२ पर्यंत १४ लांडगे उरले. चालत आलेल्या एका कुत्र्याबरोबर केवढं काय येऊ शकतं हे सांगायला मला याच्यापेक्षा मोठं उदाहरण माहीत नाही.

हा विषाणू डीएनएचा आहे, आणि डीएनएवाले विषाणू सहसा हळू बदलतात, पण हा त्या मानाने बराच भराभर बदलतो. मूळ सीपीव्ही-२ दोन-तीन वर्षंच टिकला. १९८० च्या आसपास २ए आला आणि त्याने मूळ स्ट्रेनला बाजूला सारलं, १९८४ मध्ये २बी सापडला, २००० मध्ये इटलीत २सी. मूळ २ मांजरांना होत नव्हता, हे नंतरचे तिन्ही मांजरांनाही होऊ शकतात. आपल्याकडे कितीतरी वर्षं २ए चंच राज्य होतं, अलीकडच्या काळात २सी सुद्धा ठिकठिकाणच्या नमुन्यांत सापडलाय. आणि मला सगळ्यात विलक्षण वाटतं ते हे की मूळ सीपीव्ही-२ आता रस्त्यावर कुठे नाही, तो उरलाय तो लसीच्या बाटलीतच.

मग लोक विचारणारच की बाटलीत १९७८ चा विषाणू आणि रस्त्यावर २सी, तर लस चालेल कशी? प्रश्न रास्त आहे. विषाणूचं कवच ६० तुकडे जोडून बनलेलं असतं आणि त्यातला मुख्य तुकडा म्हणजे व्हीपी२ नावाचं प्रथिन, ५८४ अमिनो आम्लांची माळ. २ए, २बी, २सी ही नावं त्या माळेतल्या ४२६व्या मण्यावरून ठरतात, ए मध्ये अ‍ॅस्पॅराजिन, बी मध्ये अ‍ॅस्पार्टिक अ‍ॅसिड, सी मध्ये ग्लुटामिक अ‍ॅसिड. म्हणजे ज्या तीन नावांनी आपली झोप उडते त्यांच्यात नाव ठरवणारा फरक एका मण्याचा. तो मणी कवचाच्या बाहेरच्या बाजूला, अँटीबॉडी जिथे पकडते अशा जागी आहे म्हणून त्याला महत्त्व आहे, पण अँटीबॉडीज काही एकाच ठिकाणी पकडत नाहीत, कवचावर अनेक जागी पकडतात. त्यामुळे जुन्या स्ट्रेनची लस घेतलेल्या कुत्र्यांना मुद्दाम २सी देऊन केलेल्या प्रयोगांतही ती कुत्री आजारापासून वाचलेली आहेत, आणि डब्ल्यूएसएव्हीएचंही म्हणणं हेच की आजच्या जिवंत लसी सगळ्या प्रकारांवर काम करतात.

दुसरी बाजूही सांगायला हवी. इटलीत लस घेतलेल्या मोठ्या कुत्र्यांमध्ये २सी चा उद्रेक झाल्याची नोंद आहे. आणि एक मुद्दा मला पटतो तो असा की, जुन्या स्ट्रेनवर तयार झालेल्या अँटीबॉडीज नव्या प्रकारांना थोड्या कमी जोराने पकडतात. मोठ्या कुत्र्यात भरपूर साठा असतो, तिथे या कमी जोराने बिघडत नाही, पण पिल्लाच्या अंगातली आईची शिदोरी उतरत असताना तोच कमी जोर महाग पडतो, ढाल काही दिवस आधीच गळते आणि खड्डा सुरुवातीच्या टोकाला रुंद होतो. म्हणजे स्ट्रेनचा संबंध आहे, पण तोही शेवटी त्या खड्ड्यातूनच येतो. काही कंपन्यांनी आता २बी किंवा २सी वापरूनही लसी काढल्यात, मिळाली तर जरूर घ्या, पण २सी ची लस ८७व्या दिवशी थांबवण्यापेक्षा जुन्या स्ट्रेनची चांगली लस ११५व्या दिवशी दिलेली मला जास्त भरवशाची वाटते.

लस फुकट जाण्याची बाकीची कारणं पटापट सांगते. पिल्लू घरी आणल्याच्या तिसऱ्या दिवशी लस दिली आणि पाचव्या दिवशी पार्वो झाला तर लोक लसीला शिव्या देतात, पण विषाणू अंगात शिरल्यापासून लक्षणं दिसायला साधारण तीन ते सात दिवस जातात, कधी दोन आठवडेही, म्हणजे ते पिल्लू बहुधा विकणाऱ्याच्या पिंजऱ्यातूनच तो घेऊन आलेलं. बाजारात ३०-३५ दिवसांची पिल्लं ४५ची म्हणून विकतात, तिथे तर कार्डावरच्या तारखांचा हिशोबच कोलमडतो. भारतात २०१७ च्या नियमांप्रमाणे आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकायला बंदी आहे, हे घेणाऱ्यांनाही माहीत नसतं. मग काही कुत्री अशी की त्यांचं शरीर पार्वोच्या लसीला दादच देत नाही, हजारात एखादं असा अंदाज धरतात, रॉटवायलर आणि डॉबरमनमध्ये हे जास्त आढळलंय. दोन डोस दोन आठवड्यांपेक्षा कमी अंतराने दिले तरी दुसरा नीट लागत नाही. आणि छोट्या जातीचं पिल्लू आहे म्हणून अर्धी लस मागू नका, लस म्हणजे वजनावर मोजायचं औषध नाही, पॉमला आणि ग्रेट डेनला डोस एकच.

कोल्ड चेनबद्दल, म्हणजे लस सतत थंड ठेवण्याच्या साखळीबद्दल, मात्र थांबून बोलायला हवं. लसीच्या जोडीतल्या एका छोट्या बाटलीत तळाशी पांढरी वडी चिकटलेली असते, दुसऱ्या बाटलीत पाण्यासारखं द्रव. ती वडी म्हणजेच सुकवलेला जिवंत विषाणू, त्याला २ ते ८ अंशांतच राहायचं असतं. कारखान्यापासून क्लिनिकच्या फ्रिजपर्यंत एकदा जरी ही साखळी तुटली तरी बाटली बघून काही कळत नाही, वडी तशीच पांढरी दिसते. मे महिन्यात आमच्याकडे दुपारी तीन-तीन तास लाईट जाते तेव्हा मला पहिला विचार याच फ्रिजांचा येतो. तुमच्यासमोर फ्रिजमधून बाटली काढली, द्रव ओढून वडीत घातलं, हलवलं आणि लगेच टोचलं, असं होताना दिसलं पाहिजे. सकाळीच मिसळून भरून ठेवलेली सिरिंज दिसली तर नम्रपणे नवीन बाटली मागा. आणि मेडिकलमधून स्वतः लस आणून घरी टोचणाऱ्यांनो, ती पिशवी बर्फाशिवाय अर्धा तास डिकीत असते हो.

आता खड्ड्यातल्या दिवसांत काय करायचं. विषाणू आजारी कुत्र्याच्या शीमधून निघतो, लक्षणं दिसायच्या आधीच निघायला लागतो, आणि बाहेर मातीत, फरशीच्या फटीत महिनोन्महिने जिवंत राहतो. त्याला वरचं चरबीचं आवरण नसतं म्हणून साबण, सॅनिटायझर त्याचं फार काही करू शकत नाहीत. फिनेल आणि डेटॉलने पुसून घर पार्वोमुक्त होत नाही, कितीही वास आला तरी. चालतं ते ब्लीच, म्हणजे सोडियम हायपोक्लोराइट, घरगुती मिळतं त्याचा एक भाग आणि तीस भाग पाणी, आधी शी-उलटी आणि माती पूर्ण धुऊन काढायची कारण घाणीवर ब्लीच वाया जातं, मग ओतून दहा मिनिटं ओलं राहू द्यायचं. टॉयलेट क्लीनरबरोबर कधीच मिसळू नका, विषारी गॅस होतो. बागेच्या मातीला ब्लीचचा उपयोग नाही, तिथे ऊन आणि वेळ एवढंच. घरात पार्वोने पिल्लू गेलं असेल तर पुढचं पिल्लू लसीकरण पूर्ण झालेलंच आणा, किमान काही महिने. बाहेरच्या चपला दाराबाहेर. क्लिनिकमध्ये पिल्लू मांडीवर, जमिनीवर नाही, टेबलही आधी पुसून घ्यायला सांगा, अजिबात संकोच करू नका. पण म्हणून चार महिने खोलीत कोंडूही नका, पिल्लाला माणसं, गाड्या, आवाज याच वयात दाखवायचे असतात, कडेवर घेऊन फिरवा, ओळखीच्या, लस पूर्ण झालेल्या कुत्र्याशी घरात खेळू द्या. आणि शेजारचे विचारतात म्हणून सांगते, कुत्र्यांचा पार्वो माणसांना होत नाही, लहान मुलांच्या अंगावर पुरळ आणणारा पार्वो हा वेगळा विषाणू.

इतकं करूनही पिल्लू गळालं, खाणं सोडलं, उलटी झाली तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा, रक्ताचे जुलाब होईपर्यंत थांबू नका. हा विषाणू भराभर विभागणाऱ्या पेशी शोधतो, म्हणून तो आतड्याचं अस्तर आणि हाडातला मगज दोन्हीकडे एकदम हल्ला करतो. अस्तर सोलून निघालं की पाणी वाहून जातं आणि आतड्यातले जंतू रक्तात शिरतात, आणि त्यांच्याशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी त्याच वेळी तळाला गेलेल्या असतात. म्हणून सलाईन, उलटी थांबवणारी इंजेक्शनं आणि अँटिबायोटिक, अँटिबायोटिक विषाणूसाठी नाही तर त्या जंतूंसाठी. उलटी आटोक्यात आली की डॉक्टरांच्या सांगण्याने थोडं थोडं खायला लवकर सुरू करतात, पूर्वीसारखं पाच दिवस उपाशी ठेवत नाहीत. पपईच्या पानांचा रस, हळदीचं पाणी असलं काही उलट्या करणाऱ्या पिल्लाच्या तोंडात ओतू नका, ते फुप्फुसात जातं. शीची किट टेस्ट पहिल्या दिवशी निगेटिव्ह आली म्हणून सुटलो समजू नका, एक-दोन दिवसांनी परत करायला सांगा. उपचारांशिवाय दहातली नऊ पिल्लं जातात, नीट उपचार वेळेत मिळाले तर दहातली आठ-नऊ वाचतात. अमेरिकेत २०२३ मध्ये पार्वोसाठी एका इंजेक्शनच्या मोनोक्लोनल अँटीबॉडीला (प्रयोगशाळेत बनवलेल्या, एकाच साच्याच्या अँटीबॉडीला) सशर्त परवानगी मिळाली, म्हणजे जवळपास आईच्या चिकाचंच काम करणारी बाटली.

चिकूच्या वेळी त्याची बहीण शेंगाही आजारी पडली होती, ती वाचली. सातव्या दिवशी तिने उकडलेल्या चिकनचं पाणी बशीतून स्वतःहून चाटलं तेव्हा मी स्वयंपाकघरात जमिनीवरच बसून रडले. पण बरं झालेलं पिल्लूही पुढे काही आठवडे विषाणू टाकत असतं, हे मला डॉक्टरांनी सांगितलं म्हणून कळलं. तिला महिनाभर बाकी तिघांपासून वेगळं ठेवलं, शेपटीखालचे आणि मागच्या पायांचे केस कापून दोनदा आंघोळ घातली, तिचं अंथरूण जाळून टाकलं, आणि ती पूर्ण बरी झाल्यावर डिस्टेंपरसाठी (हा कुत्र्यांचा आणखी एक विषाणूचा आजार) तिचे राहिलेले डोस घेतले, कारण पार्वोतून उठलेल्या पिल्लाला पार्वोची भीती नसली तरी बाकीच्या आजारांचं संरक्षण त्यातून मिळत नाही. त्या तिघांना चौथा डोस आम्ही ११४व्या दिवशी दिला, आणि कार्डावर खाली "पुढच्या वर्षी" खोडून सहा महिन्यांची तारीख लिहून घेतली.